अर्ध्या सेकंदाची थाप

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने खरंच बोलायचं ठरवलं, तर त्याचं कोण ऐकणार? दोराला ग्रीस लावलं, दरवाज्याचा स्विच बदलला, घरी येऊन जेवलो. एवढंच असतं ते. त्यामुळे आमच्या या गृहस्थांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं की दुरुस्ती कंपनीच्या नियमाप्रमाणे करायची आणि गोष्ट आपल्या नियमाप्रमाणे सांगायची.

त्यांच्या गोष्टीत लिफ्ट हमखास सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकायची. आत एक नवरदेव असायचा, एक दाढदुखीने कळवळणारा दातांचाच डॉक्टर असायचा, आणि शेवटी कुठून तरी एक पोपट यायचा. पोपट यायचाच. कधी तो मजल्यांचे आकडे ओरडायचा, कधी नवरदेवाला धीर द्यायचा. ऐकणारे पोट धरून हसायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा ऐकायला यायचे. सगळी गल्ली त्यांना तोंडावर बंडलभाऊ म्हणायची, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. पाळण्यात ठेवलेलं नाव त्यांनी मागितलं नव्हतं, हे तर स्वतः कमावलेलं होतं.

वाटायचं ते एकाच गोष्टीचं. त्यांची बायको त्यांच्या कुठल्याही बोलण्यावर तिसऱ्या माणसाकडे वळायची आणि विचारायची, "खरं का हो?"

भाऊ म्हणाले, कोपऱ्यावरचं दुकान आज बंद आहे, की ही दूधवाल्याला विचारणार. भाऊ म्हणाले, मला ताप आहे, की ही थर्मामीटर आणणार आणि तोही शेजारणीकडून वाचून घेणार. "पोपट आला की समजावं, खरी गोष्ट मागच्याच मजल्यावर उतरली," असं ती चारचौघांत सांगायची. भाऊही सगळ्यांबरोबर हसायचे. पण एकतीस वर्षांच्या संसारात आपल्या बायकोने आपलं एक वाक्य तरी साक्षीदाराशिवाय घ्यावं, ही त्यांची फार जुनी इच्छा होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सांगितली असती तर ती तरी कुणाला खरी वाटली असती?

पाच वर्षांपूर्वी एका उंच इमारतीच्या गच्चीवर भाऊ लिफ्टच्या मोटरच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले, तर तिथे एक माणूस तीन पायांच्या दुर्बिणीला डोळा लावून बसलेला. तो खालच्या औषधांच्या दुकानाचा मालक होता. हौशी दुर्बीणवाल्यांचं एक छोटं मंडळ तो चालवायचा, आणि स्वतः त्याचा अध्यक्ष होता. "बघायचंय?" त्याने विचारलं. भाऊंनी डोळा लावला. काळ्याभोर आभाळात पिवळट रंगाचा एक इवलासा गोळा होता आणि त्याच्या भोवती स्वच्छ, वेगळं दिसणारं कडं. भाऊंनी दुर्बिणीच्या पुढच्या काचेवर चित्र चिकटवलंय का ते आधी बोट फिरवून पाहिलं. स्वतः थापाड्या असलेला माणूस दुसऱ्यावर सहज विश्वास ठेवत नाही. काचेवर बोटाचा ठसा मात्र उमटला, आणि अध्यक्ष त्यांना पाच वर्षं तो ऐकवत आले.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "आज मी शनीचं कडं पाहिलं." दुसऱ्या दिवशी ती औषधाच्या दुकानात गेली. "खरं का हो?" अध्यक्ष म्हणाले, "हो, खरं." ती घरी परतली ती जरा गप्पगप्पच. आजवर नवऱ्याने सांगितलेल्या सगळ्या गोष्टींत सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट खरी निघाली होती. भाऊंना तर नवा शोधच लागला. आभाळाला तिखटमीठ लावावं लागत नव्हतं. जसं होतं तसं सांगितलं तरी लोकांचे डोळे मोठे व्हायचे.

मग त्यांनी दुर्बीण बांधायला घेतली. सहा इंचाचा आरसा विकत आणला, नळी पत्र्याची केली, आणि ती फिरवायला भंगारात निघालेल्या लिफ्टचं बेअरिंग लावलं. ती दुर्बीण करंगळीने ढकलली तरी आवाज न करता वळायची. मागच्या अंगणात कपड्यांची दोरी आणि पाण्याची टाकी यांच्या मधोमध तिची जागा ठरली. दोरीवर चादर वाळत असली की अर्धं आभाळ बंद. त्यावरून नवरा-बायकोचं दर आठवड्याला वाजायचं, आणि दर आठवड्याला चादरच जिंकायची.

दुर्बीण झाली तसे भाऊ मंडळात आले. तिथे आणखी दोन माणसं महत्त्वाची. एक बेकरीमामा. पहाटे भट्टी पेटवायच्या आधी आभाळ बघून घेणारा, मोठ्या पोटाचा, मोठ्या हसण्याचा माणूस. दुसऱ्या सिस्टर. इस्पितळात पस्तीस वर्षं नर्स होत्या, निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक लहानशी पण उत्तम भिंगाची दुर्बीण घेतली होती. त्यांच्या वहीत खाडाखोड नसे. सिस्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं अध्यक्ष म्हणायचे, आणि म्हणताना नकळत भाऊंकडे बघायचे.

यंदा मंडळाकडे एक खरंखुरं काम आलं. एक लघुग्रह, म्हणजे आभाळात भटकणारा साठेक किलोमीटरचा धोंडा, एका बारीक ताऱ्याच्या पुढून जाणार होता. तो पुढून जाईल तेवढे सेकंद तारा विझणार, आणि त्या धोंड्याची सावली नेमकी यांच्या शहरावरून सरकणार. शहराच्या वेगवेगळ्या भागांतून प्रत्येकाने तारा किती सेकंद गेला ते मोजायचं. सगळ्यांचे सेकंद एकत्र केले की धोंड्याचा आकार कळतो.

"म्हणजे पावाच्या कापांसारखं," बेकरीमामा म्हणाले. "प्रत्येकाच्या घरी एकच काप. सगळे काप शेजारी शेजारी लावले की अख्खा पाव."

कुठेतरी फार लांब, अशा सावल्यांच्या नोंदी गोळा करणारी एक संस्था होती. मंडळाची नोंद तिकडे जायची होती, नावांसकट. अध्यक्षांनी तीन आठवडे आधीपासून नकाशा टेबलावर पसरला. वरच्या टोकाला ते स्वतः, मग बेकरी, मग बरंच खाली सिस्टरांचं घर, आणि त्याच्याही खाली दीड किलोमीटरवर, सावलीच्या अगदी काठाशी, बंडलभाऊंचं अंगण. "भाऊ, जे दिसेल तेवढंच," अध्यक्ष म्हणाले. "तेवढंच," भाऊ म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

तारा संध्याकाळी सात बावन्नला विझणार होता. भाऊंनी त्या दिवशी लवकर घरी येऊन आरशावरची धूळ फुंकली. शेजाऱ्यांना अंगणातला दिवा न लावण्याची विनंती केली आणि चादर स्वतःच्या हातांनी काढून घडी घातली. बायकोकडे दोन फोन दिले. एकावर सेकंदासेकंदाला टिकटिक करणारं अचूक घड्याळ लावलेलं, दुसऱ्यावर आवाज टिपला जाणार. भाऊंनी फक्त ओरडायचं. तारा गेला की "गेला", आला की "आला". वेळ नंतर टिकटिकीवरून मोजायची.

"आणि मी काय करू?" बायकोने विचारलं.

"तू फोन धर आणि बोलू नकोस."

"फोन धरते," ती म्हणाली.

सात पन्नासला भाऊंनी डोळा लावला. तारा मधोमध होता, पिठाच्या कणासारखा. बेअरिंग हळूहळू सरकवत ते त्याला मधोमधच ठेवत होते. टाकीतून थेंब गळत होता, कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, आणि मग एकाएकी तारा नव्हता.

"गेला!"

कुणी बटण बंद करावं तसा गेला. टिक, टिक, टिक, आणि चौथ्या टिकेच्या जरा आधी तो परत होता.

"आला!"

बायको काही बोलणार तेवढ्यात भाऊंनी हात वर केला. डोळा अजून भिंगालाच. शेवटपर्यंत बघत राहायचं, असं अध्यक्षांनी बजावलं होतं. टिकटिक चालू होती. आठ, नऊ, दहा, आणि अकराव्या सेकंदाला तारा पुन्हा गेला.

"गेला! आला! अगं, पुन्हा गेला! पुन्हा आला!"

गेला म्हणेपर्यंत आलासुद्धा होता. अर्धा सेकंद, फार तर. भाऊ उठून उभे राहिले.

"दुसऱ्यांदा गेला," ते म्हणाले. "म्हणजे त्या धोंड्याबरोबर आणखी एक आहे. छोटा. त्याचा त्याचा चंद्र!"

बायकोने सवयीने डावीकडे पाहिलं. तिथे कपड्यांची दोरी होती. उजवीकडे पाण्याची टाकी होती. विचारायला तिसरं माणूस अंगणात कुणीच नव्हतं. शेवटी ती जपून म्हणाली, "पापणी लवली असेल हो."

भाऊंच्या आनंदावर गार पाणी पडलं. पण त्यांनी कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. पहिली, पावणेचार सेकंद. दुसरी, अर्धा सेकंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या दुकानामागच्या खोलीत सगळे जमले आणि खोक्यांवर बसले. अध्यक्षांचा तारा साडेसहा सेकंद गेला होता, मामांचा सात, सिस्टरांचा पाच. भाऊंचे पावणेचार त्यात चपखल बसले. अध्यक्षांनी कागदावर काप शेजारी शेजारी काढले, आणि खरोखरच एक ओबडधोबड पाव तयार झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षांची नजर भाऊंच्या दुसऱ्या ओळीवर गेली.

"हे काय?"

भाऊंनी सांगितलं. जसं झालं तसं, एकही शब्द जास्त नाही. मामांनी विचारलं, "आणि पोपट कुठे बसला होता?"

सगळे हसले. भाऊ पहिल्यांदाच हसले नाहीत.

"मला तर नंतर काही दिसलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मामा?" मामांनी मान हलवली. "सिस्टर, तुम्ही भाऊंच्या सगळ्यात जवळ. तुम्हाला?"

सिस्टर पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. "नाही," त्या म्हणाल्या.

मग संपलंच. सिस्टर नाही म्हणाल्या म्हणजे नाही. अध्यक्षांनी कागद भाऊंपुढे सरकवला. आवाजात राग नव्हता, उलट समजूत होती. "भाऊ, पापणी सगळ्यांचीच लवते. पण एक नोंद संशयाची गेली, तर ते लोक आपल्या चारही नोंदी बाजूला टाकतील. ही दुसरी ओळ तेवढी खोडा आणि सही करा. पहिलीवर तुमचं नाव जाईल."

भाऊंनी पेन हातात घेतलं. नाव जाणार होतं. फार लांबच्या संस्थेच्या कागदावर, खऱ्या माणसांच्या यादीत. एक रेघ मारायची, बस्स. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अध्यक्ष, आयुष्यभर थापा मारल्या तेव्हा कुणी सही मागितली नाही. आज खरं सांगतोय, तर थापेवर सही करायला सांगताय?"

"म्हणजे सही नाही?"

"दोन ओळींवर करतो. एकीवर नाही."

"मग तुमची नोंद मला पाठवता येणार नाही," अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नसावं, कारण त्यांनी लगेच चष्मा पुसायला घेतला.

भाऊ घरी आले ते मान खाली घालून. जेवले नाहीत. अंगणात जाऊन दुर्बिणीच्या नळीवर झाकण बसवलं आणि बेअरिंगमध्ये कारण नसताना तेल घालत बसले. बायकोने काय झालं ते विचारलं. त्यांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. नवऱ्याने कुठलीही गोष्ट दोन वाक्यांत संपवलेली तिने जन्मात पाहिली नव्हती. ती घाबरलीच.

ती आत गेली, फोन काढला आणि कालचा आवाज लावला. एकदा ऐकला, पुन्हा ऐकला. मग फोन घेऊनच अंगणात आली.

"अहो, हे तुम्ही खरंच पाहिलंय."

भाऊंच्या हातातली तेलाची कुपी आडवी झाली. "काय म्हणालीस?"

"थाप मारताना तुमचा आवाज कसा येतो, मला नका सांगू. आधी खाकरता, मग मागे रेलता, मग आवाज असा तुपात तळून येतो. हा तसा नाही." तिने पुन्हा लावलं. अगं, पुन्हा गेला! फोनमधला आवाज लहान मुलासारखा चिरकत होता. "आपली लेक शाळेत पहिली आली, तेव्हा गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला होतात. तो हा आवाज."

भाऊंनी आडवी झालेली कुपी उभी केली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ते म्हणाले, "त्या दिवशी तरी माझ्यावर विश्वास ठेवला होतास का?"

"नाही. शाळेत जाऊन विचारून आले. पण खरं निघालं ना!" ती पायांत चपला सरकवत होती. "चला उठा. तुमच्या जवळच्या त्या सिस्टर ना? त्यांनाच विचारते."

"अगं, त्या नाही म्हणाल्या. सगळ्यांसमोर."

"मी कुठे विचारलंय अजून?" असं म्हणून ती फाटकाबाहेर पडलीसुद्धा. एकतीस वर्षांची सवय होती ती, आणि जन्मात पहिल्यांदा ती सवय भाऊंच्या बाजूने चालत निघाली होती. भाऊ तेलकट हात विजारीला पुसत तिच्या मागे धावले.

सिस्टरांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. गॅलरीत दुर्बिणीवर स्वच्छ पांढरं कापड, चारही कोपरे सारखे दुमडलेले. दोघांना दारात बघून सिस्टरांचा चेहरा उतरला. बायकोने खुर्चीवर बसायच्या आधीच फोन पुढे धरला आणि आवाज लावला. टिकटिक, गेला, आला, पुन्हा टिकटिक. अगं, पुन्हा गेला!

"हे खरं का हो?" तिने विचारलं.

सिस्टर उठून आत गेल्या आणि आपला रेकॉर्डर घेऊन आल्या. त्यांनी बटण दाबलं. त्यांचा शांत आवाज ऐकू आला, "गेला." पाच सेकंदांनी, "आला." मग नुसती टिकटिक. भाऊ पहिल्या "गेला"पासून बोटांवर मोजत होते. अकराव्या टिकेला रेकॉर्डरमधून अर्धा शब्द बाहेर पडला, "गे—" आणि त्यामागोमाग, पुटपुटल्यासारखं, "छे. पापणी."

सिस्टरांनी रेकॉर्डर बंद केला.

"पस्तीस वर्षं लोकांची नाडी मोजली," सिस्टर म्हणाल्या. "चुकले असेन, पण चुकले तर तिथल्या तिथे सांगितलं. गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूची सुरुवात आहे म्हणून सांगितलंय. काल तो तारा लुकलुकला, तेव्हा वाटलं, झालं, डोळ्याने दगा दिला. हे मंडळात कळलं तर मला दुर्बिणीपाशी कोण बसू देईल? म्हणून लिहिलं नाही. आणि आज तुम्ही सांगितलंत, तेव्हा बोलायला हवं होतं. जीभच उचलेना. आधी लपवलेलं असतं ना, मग खरं बोलायची लाज वाटते." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "थोडक्यात काय, थाप मारली मी, भाऊ. तुमच्या तोंडावर."

भाऊंना राग यायला हवा होता. पण त्यांचं मन इतकं भरून आलं होतं की रागाला जागाच उरली नव्हती.

"आणि काय सफाईने मारलीत, सिस्टर!" ते म्हणाले. "माझी सगळी हयात या धंद्यात गेली, पण मलासुद्धा ओळखू आली नाही."

सिस्टर रडता रडता हसल्या. बायको तर इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावंच लागलं. मग सिस्टरांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि फोन उचलला. इस्पितळातल्या आपल्या जुन्या आवाजात त्या म्हणाल्या, "अध्यक्ष, नोंद अजून पाठवली नसेल तर थांबा. मला माझी चूक दुरुस्त करायची आहे. दोन ओळींची नोंद आहे माझी. आणि भाऊंचीही."

अध्यक्ष अर्ध्या तासात तिथे आले. त्यांनी दोन्ही आवाज कान लावून चार वेळा ऐकले, नकाशावर पट्टी ठेवली आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. तो छोटा धोंडा चारेक किलोमीटरचा असणार. त्याची सावलीही तेवढीच रुंद. ती फक्त सिस्टरांच्या गॅलरीवरून आणि भाऊंच्या अंगणावरून गेली, बेकरीपर्यंत पोचलीच नाही. ज्यांना दिसलं नाही, त्यांना ते दिसणारच नव्हतं. "भाऊ," अध्यक्ष म्हणाले, "मी तुम्हाला खोटं लिहायला सांगत होतो."

"सांगत होतात. पण काचेवरच्या बोटाचं तेवढं आता विसरायचं," भाऊ म्हणाले, आणि हिशेब मिटला.

संस्थेचं उत्तर यायला सात आठवडे लागले. तोवर भाऊ रोज जेवताना एकदा आणि झोपताना एकदा "आलं नाही अजून" असं म्हणत, आणि बायको ते कुणालाही न विचारता मान्य करत होती. उत्तर आलं ते एका शनिवारी. पत्रात लिहिलं होतं की एकमेकांपासून दीड किलोमीटरवरच्या दोन निरीक्षकांनी एकाच वेळी दुसरी सावली टिपली, म्हणजे लघुग्रहाला सोबती असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. पुढच्या वेळी मोठ्या दुर्बिणी मुद्दाम तिकडे वळवल्या जातील. खाली दोघांची नावं होती, पाळण्यातली. भाऊंचं खरं नाव वाचून मामांनी विचारलं, "हे कोण?"

संध्याकाळी बेकरीत सगळे जमले. भट्टी ऊबदार होती, पाटांवर ताजे पाव रचलेले होते. मामांनी या दिवसासाठी एक केक केला होता, मोठा, ओबडधोबड, आणि त्याच्या शेजारी सुपारीएवढा एक छोटा. सिस्टर परवाच डोळ्याचं ऑपरेशन करून आल्या होत्या आणि काळ्या चष्म्यातून सगळ्यांकडे ऐटीत बघत होत्या. छोटा केक कापायचा मान त्यांचा होता. त्यांनी तो सुरीने अचूक दोन भागांत कापला आणि अर्धा भाऊंच्या हातावर ठेवला.

"आता भाऊ सांगणार!" मामा ओरडले. बेकरीतले कामगार हात पुसत पुढे आले. दुकानात पाव घ्यायला आलेले चार लोकही थांबले. बंडलभाऊ गोष्ट सांगणार म्हटल्यावर कोण हलतं?

भाऊ उभे राहिले. खाकरले नाहीत. मागे रेलले नाहीत.

"सात बावन्नला तारा गेला," ते म्हणाले. "पावणेचार सेकंदांनी आला. मग अकराव्या सेकंदाला पुन्हा अर्धा सेकंद गेला आणि आला. सिस्टरांनीही तेच पाहिलं." आणि ते खाली बसले.

लोक वाट बघत राहिले. एका कामगाराने शेजारच्याला विचारलं, "संपली?" भाऊंना ते ऐकू आलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. या गोष्टीला त्यांना बोट लावायचं नव्हतं. अख्ख्या आयुष्यात हातात आलेली ही एकच अशी गोष्ट, ती जशीच्या तशी राहू द्यायची होती.

पण त्यांच्या बायकोला काही ते बघवेना. नवऱ्याच्या गोष्टीवर एवढी माणसं अशी हिरमुसून उभी राहिलेली तिने कधी पाहिली नव्हती. तिने घसा खाकरला. पाठ मागे टेकवली.

"अहो, असं काय सांगता?" ती म्हणाली. "पोपट राहिला की!"

भाऊ दचकले. "कसला पोपट?"

"कसला म्हणून काय विचारता? पाण्याच्या टाकीवर बसला होता तो. तारा दुसऱ्यांदा विझला, तेव्हा तुमच्या आधी तोच नाही का ओरडला, 'गेला, गेला' म्हणून? मी तिथे फोन धरून उभी होते ना!"

बेकरीत हास्याचा असा स्फोट झाला की पाटावरचे दोन पाव खाली पडले. सिस्टर काळा चष्मा सावरत हसत होत्या, अध्यक्ष डोळे पुसत होते. मामांचं पोट हलायचं थांबेना. कसाबसा दम घेऊन ते भाऊंकडे वळले आणि म्हणाले, "खरं का हो, भाऊ?"

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. ती मान ताठ करून बसली होती, पण कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती. एकतीस वर्षांत तिने मारलेली ही पहिली थाप होती, आणि ती तिने त्यांच्यासाठी मारली होती.

"मला काय विचारता, मामा?" भाऊ म्हणाले. "ती म्हणतेय ना?"